फिलर करायचाय? सुरकुत्या आणि ओठांसाठी निवड कशी करायची, पहिल्यापासून सांगते

"कुठला फिलर चांगला?" (फिलर म्हणजे सुरकुत्या किंवा ओठ भरायला त्वचेखाली सुईने टोचतात तो माल) हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता मी आधी उलट विचारते, कुठे आणि कशासाठी? मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा दोन ब्रँडची नावं पाठ करून गेले होते, भुवयांच्या मधल्या दोन उभ्या आठ्या भरून घ्यायच्या म्हणून. डॉक्टरांनी हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, चेहरा सैल सोडा. सोडला. आठ्या जवळपास गायब. "आता सांगा, भरायचं काय?" त्या दिवशी काहीही न करता घरी आले, पण एक गोष्ट डोक्यात बसली की ब्रँडचा प्रश्न जवळजवळ शेवटी येतो. त्याच्या आधी बरंच काही ठरवावं लागतं आणि ते जर नीट ठरलं तर ब्रँड बहुतेक वेळा आपोआपच ठरतो.

आधी आरसा

दिवसा खिडकीशी उभं राहा, मेकअप काढून. बाथरूमच्या दिव्याखाली बघू नका, वरून पडणारा उजेड सगळ्यांनाच दहा वर्षांनी म्हातारं करतो. आता चेहरा एकदम शांत ठेवा आणि मग भुवया उंचवा, आठ्या घाला, दात दाखवून हसा. जी रेष फक्त हालचालीत दिसते ती स्नायूच्या आकुंचनाची असते, तिथे काम बोटॉक्सचं. बोटॉक्स स्नायूला ढिलं करतं आणि फिलर रिकामी झालेली जागा भरतो, दोन्ही सुईनेच देतात म्हणून लोक सर्रास एकच समजतात. कपाळावरच्या आडव्या रेषा, भुवयांमधल्या आठ्या, डोळ्यांच्या कडेला हसताना पडणाऱ्या रेषा ह्या बहुतेक करून बोटॉक्सच्या खात्यात जातात. चेहरा शांत असतानाही जी रेष तशीच राहते तिच्यासाठी फिलरचा विचार.

दुसरी टेस्ट जरा गमतीची आहे. पाठीवर झोपा आणि आरसा तोंडासमोर वर धरा. नाकाच्या बाजूपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी येते, नेझोलॅबियल फोल्ड म्हणतात ती, झोपल्यावर बरीचशी सपाट होते का बघा. होत असेल तर दुखणं घडीत नाहीये, वरचा गाल खाली उतरलाय. वय वाढतं तशी चेहऱ्याच्या आतली चरबी काही ठिकाणी कमी होते, काही ठिकाणी खाली सरकते, हाडसुद्धा थोडं झिजतं, आणि वरची त्वचा मात्र तेवढीच राहते, मग ती कुठेतरी दुमडणारच की. अशा वेळी नुसत्या घडीत भरत बसलं तर तोंडाभोवती जडपणा येतो, वरचा ओठ पुढे आल्यासारखा दिसतो. गालाच्या हाडाशी थोडा आधार दिला तर घडी बरीच हलकी होते आणि कुणाला कळतही नाही कुठे काय केलं ते.

तिसरा प्रकार म्हणजे चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारख्या बारीक बारीक रेषा, उन्हाने झालेल्या, सोबत डाग. ह्याला फिलर फार काही करू शकत नाही. सनस्क्रीन, रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातीचं क्रीम), लेझर, ती वेगळीच वाट.

आणि ओठ. "ओठ मोठे करायचे" एवढंच सांगून चालत नाही. मुळातच पातळ आहेत? की पूर्वी भरलेले होते आणि आता आत वळलेत? की ओठांची कड पुसट झालीय म्हणून लिपस्टिक वरच्या बारीक रेषांमधून पसरते? की कोपरे खाली गेलेत म्हणून नेहमी नाराज दिसतं? की नुसतेच कोरडे, सुरकुतलेले आहेत? ह्या पाचही गोष्टींसाठी सुई वेगवेगळ्या जागी जाते आणि मालही वेगळा लागू शकतो. मोबाईलवर समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, ओठांचं खरं प्रमाण बाजूनेच कळतं. जमलं तर स्वतःचा दहा वर्षांपूर्वीचा फोटोही शोधा, डॉक्टरांना तो एखाद्या नटीच्या फोटोपेक्षा शंभरपट उपयोगी पडतो.

आता आत काय भरतात ते

इथे जरा थांबून मागे जाते. पोकळी भरायची कल्पना खूप जुनी आहे, १८९३ मध्ये नॉयबर नावाच्या जर्मन सर्जनने हातातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खड्ड्यात भरली होती. १८९९ मध्ये गेर्सुनी नावाच्या डॉक्टरने पॅराफिन, म्हणजे मेणच, टोचायला सुरुवात केली, ते स्वस्त होतं, टिकायचं, लोक खूश, आणि काही वर्षांनी त्याच्या कडक गाठी व्हायला लागल्या, त्वचा फुटायला लागली, आणि काढायचं म्हटलं तर निघेना. नंतर द्रवरूप सिलिकॉनने तीच गत केली. १९८१ मध्ये अमेरिकेत गायीच्या कातड्यापासून बनवलेलं कोलॅजन मंजूर झालं, ते करायच्या आधी हातावर अ‍ॅलर्जीची टेस्ट करून काही आठवडे थांबावं लागायचं आणि तीन-चार महिन्यांत सगळं विरून जायचं. हे सगळं सांगायचं कारण असं की "किती टिकतो" हा प्रश्न सगळे सगळ्यात आधी विचारतात, आणि मेण तर सगळ्यात जास्त टिकलं होतं.

आज जे सगळ्यात जास्त वापरतात ते हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. नावात अ‍ॅसिड असलं तरी घाबरू नका, हा आपल्याच त्वचेत, सांध्यात, डोळ्यात असलेला पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे. १९३४ मध्ये तो पहिल्यांदा गायीच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून वेगळा केला गेला, म्हणून काचेच्या ग्रीक शब्दावरून हे नाव. गंमत म्हणजे शरीरातलं साधं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड त्वचेत एक-दोन दिवसांतच मोडतं, तसंच टोचलं तर उपयोग शून्य. म्हणून कारखान्यात त्याचे धागे एकमेकांना बांधतात, बहुतेक वेळा बीडीडीई नावाच्या केमिकलने, ह्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात, आणि मग त्याचा जेल तयार होतो जो महिनोन्महिने टिकतो. रेस्टिलेन हा अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालेला ह्या जातीचा पहिला फिलर, २००६ मध्ये जुवेडर्म आला, आता बेलोटेरो, टिओस्याल अशी कितीतरी नावं आहेत.

पण ह्याचा सगळ्यात मोठा गुण टिकण्यात नाहीये, तो विरघळवता येतो ह्यात आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की हा जेल तासाभरात मऊ पडायला लागतो आणि एक-दोन दिवसांत बराचसा निघून जातो. चूक झाली, वाकडं झालं, किंवा देव न करो रक्तवाहिनीत गेलं, तर मागे फिरायचा रस्ता आहे. दुसऱ्या कुठल्याच फिलरला असा उतारा नाही.

बाकीचे कोण? रेडिएस, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्सिलअ‍ॅपॅटाइटचे बारीक कण, साधारण वर्ष ते दीड वर्ष टिकतो, खोल घड्यांसाठी आणि जबड्याच्या रेषेसाठी वापरतात. स्कल्पट्रा, पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड, हा तर लगेच भरतच नाही, तुमच्या शरीराला हळूहळू कोलॅजन बनवायला लावतो, दोन-तीन सिटिंग लागतात, रिझल्ट दिसायला महिने जातात आणि दोनेक वर्षं राहू शकतो. हा करतात त्यांना पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं मसाज करायला सांगतात, गाठी होऊ नयेत म्हणून. बेलाफिल हा कायमचा, त्यात पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचे गोळे कोलॅजनमध्ये मिसळलेले असतात, कोलॅजन विरतं, गोळे राहतात, जन्मभर. आणि स्वतःची चरबी, ती काढायला आणि भरायला छोटं ऑपरेशनच लागतं आणि किती जगेल किती मरेल ह्याचा भरवसा नसतो.

ओठात रेडिएस नको, स्कल्पट्रा नको, कायमचं तर अजिबातच नको. ओठ दिवसभर हलतात, त्वचा पातळ, हे कण तिथे गोळा होऊन गाठी होतात आणि त्या पांढऱ्या दिसतात. सिलिकॉन तर कुणी कुठेच टोचू म्हणालं तर पर्स उचला आणि निघा. माझं साधं मत आहे, पहिल्यांदा करत असाल तर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच, कुठलीही जागा असो. कायमचा फिलर आज चाळिशीत छान बसेल, पण चेहरा पुढे उतरत राहणार आणि फिलर मात्र होता तिथेच राहणार, मग साठीला तो वेगळाच उठून दिसेल त्याचं काय करणार?

मऊ की कडक

एकाच कंपनीचे पाच-सहा हायल्युरॉनिक फिलर का असतात? कारण जेलचा कडकपणा वेगळा. डॉक्टर लोक जी प्राइम म्हणतात त्याला, म्हणजे दाबल्यावर जेल किती जोराने परत आकार घेतो. केसांना लावायचा जेल आणि मुलांची खेळायची क्ले, दोन्ही मऊच आहेत, पण क्लेचा मनोरा उभा राहतो आणि जेलचा नाही, तसंच. गालाच्या हाडावर, हनुवटीत उचलून धरणारा कडक हवा, ओठात हलणारा मऊ हवा, डोळ्याखाली तर पाणी कमी ओढणारा हवा नाहीतर तिथे सूजच दिसत राहते. उदाहरण घ्यायचं तर जुवेडर्मच्या घरातला व्होलुमा गालासाठी आणि व्होल्बेला ओठ आणि ओठांवरच्या बारीक रेषांसाठी. व्होलुमामध्ये दर मिलीला २० मिलिग्रॅम हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, व्होल्बेलामध्ये १५. जुन्या जुवेडर्म अल्ट्रामध्ये २४. म्हणून २४ वाला भारी असं काही नसतं हं, जास्त आकडा म्हणजे बहुतेक वेळा जास्त पाणी ओढणार एवढंच, ओठ पहिले काही दिवस जास्त सुजलेले. कुणी आकडे सांगून महागडं गळ्यात मारत असेल तर हे लक्षात ठेवा. बहुतेक सिरींजमध्ये आता ०.३ टक्के लिडोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, मिसळलेलंच असतं.

कुठे किती

एक सिरींज साधारण १ मिली. ऐकायला काहीच नाही आणि खरंच काहीच नाही, चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. पण ओठांसाठी तेवढं भरपूर आहे.

ओठ पहिल्यांदा करताना अर्धा मिली ते १ मिली, त्याच्यावर नाही, आणि मी म्हणेन अर्ध्यानेच सुरू करा. महिन्याभराने वाटलं तर आणखी. माझ्या एका मैत्रिणीने एकाच दिवशी दोन सिरींज ओठात भरून घेतल्या, आठवडाभर खूश होती, मग वरच्या ओठाच्या वर, मिशीच्या जागी, एक फुगीर कड दिसायला लागली, बाजूने बघितलं तर बदकाचीच आठवण. जेलला ओठात जागा नव्हती, तो वर सरकला. शेवटी विरघळवून पुन्हा शून्यापासून केलं, खर्च तिप्पट झाला आणि मनस्ताप वेगळाच. साधारणपणे खालचा ओठ वरच्यापेक्षा थोडा भरलेला असला की ओठ ओठांसारखे दिसतात, वरचा जास्त झाला की लोकांची नजर तिथेच अडकते. आणि ओठांची मागची भिंत म्हणजे दात, दात आत असतील किंवा पडलेले असतील तर फिलरने फार मजल जात नाही, आधी दाताच्या डॉक्टरकडे जा.

ओठांवरच्या उभ्या बारीक रेषा, सिगरेट ओढणाऱ्यांना जास्त पडतात पण नुसत्या त्यांनाच असं नाही. मऊ फिलर थेंबथेंब, वरवर. इथे कडक माल गेला की रेषेच्या जागी उंचवटा येतो.

नाकाजवळची घडी आणि ओठांच्या कोपऱ्यापासून हनुवटीकडे उतरणारी रेष, मॅरियोनेट लाइन म्हणतात ती, दोन्हींना मध्यम जेल, आणि वर सांगितलं तसं गाल आधी तपासायचा. घडी पूर्ण पुसायचा हट्ट करू नका, लहान बाळालाही हसताना ती असते.

डोळ्याखालची खोबण ही पहिल्या वेळी करूच नका असं मी सांगते. त्वचा इतकी पातळ की जेल वर राहिला तर निळसर छटा दिसते, टिंडाल इफेक्ट म्हणतात त्याला, आणि नेमके काळे डाग घालवायला गेलेली बाई निळे डाग घेऊन परत येते. शिवाय डोळ्याखालचा काळेपणा रंगाचा असेल तर फिलरने जातच नाही. पिशव्या असतील तर आणखीच फुगतात.

आणि दोन जागा खरंच धोक्याच्या आहेत: भुवयांच्या मधली जागा आणि नाक. तिथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी थेट संबंध असतो, फिलर चुकून आत शिरला आणि उलटा ढकलला गेला तर दृष्टी जाऊ शकते. दुर्मिळ आहे पण झालेलं आहे, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. भुवयांमधल्या आठीसाठी बोटॉक्स असताना ही जोखीम कशाला?

टिकण्याचं म्हणाल तर ओठात साधारण सहा महिने ते वर्ष, घड्यांमध्ये नऊ महिने ते दीड वर्ष, गालात दोन वर्षांपर्यंत. जिथे हालचाल जास्त तिथे लवकर जातो. पण हे कॅलेंडर धरून पुन्हा भरायला धावू नका, काहींच्या चेहऱ्यात एमआरआय केल्यावर कित्येक वर्षांपूर्वीचा फिलर सापडलाय. दर सहा महिन्यांनी टचअप करणाऱ्यांचे चेहरे उशीसारखे होतात ते ह्याचमुळे, जुनं गेलेलं नसतं आणि त्यावर नवं.

करणारा हात

आता खरं महत्त्वाचं. उत्तम फिलर कच्च्या हातात वाईट दिसतो आणि साधा फिलर चांगल्या हातात झकास. स्किनचे डॉक्टर किंवा प्लास्टिक सर्जन, ज्यांनी ह्याचं ट्रेनिंग घेतलंय आणि जे हे नेहमी करतात. पार्लर नाही, कुणाच्या घरची पार्टी नाही, हॉटेलची खोली नाही.

मी दुसऱ्या वेळी एका वेगळ्या ठिकाणी गेले होते. डॉक्टर दिसायच्या आधीच एका मुलीने दहा मिनिटांत माझ्या चेहऱ्यावर पेनाने खुणा करून तीन सिरींजचं पॅकेज काढून दिलं, वर "आजच केलं तर डिस्काउंट". मी विचारलं, काही झालं तर विरघळवायचं औषध आहे का इथे? ती म्हणाली, "तशी गरजच पडत नाही मॅडम." उठले आणि निघाले. पार्किंगपर्यंत फोन येत होते.

तर हेच विचारा. हायल्युरोनिडेज इथे, ह्या खोलीत, आत्ता आहे का, मागवावं लागेल असं नको. रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल? माझ्या ह्या जागेसाठी हाच फिलर का, आणि तुम्ही हे किती वेळा केलंय? तुमचे स्वतःचे आधी-नंतरचे फोटो दाखवा, नुसते दोन दिवसांचे नाही, काही महिन्यांनंतरचे. आणि माझ्या चेहऱ्यावर तुम्ही काय करणार नाही? ह्या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर असतं ते डॉक्टर बहुतेक चांगले निघतात.

बॉक्स सील असलेला तुमच्यासमोर उघडला पाहिजे. त्यावर नाव, लॉट नंबर, एक्स्पायरी बघा, आतमध्ये चिकटवायचे स्टिकर असतात त्यातला एक मागून घ्या. उरलेलं अर्धं "नंतरसाठी ठेवतो" म्हणाले तर नको म्हणा, उघडलेल्या सिरींजमध्ये जंतू वाढू शकतात, आणि मैत्रिणीबरोबर एक सिरींज वाटून घ्यायची तर कल्पनाही नको, रक्तातून पसरणारे आजार असेच पसरतात. ऑनलाइन मागवून स्वतः टोचणारेही आहेत, त्यांना काय बोलायचं. सुई नसलेलं हायल्युरॉन पेन म्हणून एक प्रकार निघालाय, हवेच्या दाबाने जेल ओठात मारतात, दुखत नाही म्हणून पोरी भुलतात, पण तो किती खोल आणि कुठे जातोय ह्यावर कुणाचाच ताबा नसतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिलाय.

कुणी थांबायचं

प्रेग्नंट असाल किंवा बाळाला पाजत असाल तर नाही. वय वीसच्या आसपास असेल तर घाई नको, एफडीएची मंजुरीही २२ वर्षांच्या पुढच्यांसाठीच आहे. त्या जागी पिंपल, पुरळ, इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं करा. ओठावर तापानंतर बारीक फोड येतात ना, नागिणीच्या भाऊबंदातला तो हर्पिस, तो कधीही झाला असेल तर आवर्जून सांगा कारण सुईने तो पुन्हा जागा होतो, आधीपासून गोळ्या सुरू केल्या की टळतो. ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते ते), लिडोकेनची अ‍ॅलर्जी, पूर्वी केलेला कुठलाही फिलर (नाव आठवत नसेल तरी), जखमेचे व्रण जाड होऊन वाढायची सवय, सगळं सांगायचं. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर जोराची रिअ‍ॅक्शन आली असेल तर तेही, त्यांच्या विषात हायल्युरोनिडेज असतं, म्हणजे उताऱ्याचीच अ‍ॅलर्जी निघू शकते. आणि सावळी-गव्हाळ त्वचा असेल तर सुईच्या जागी काळपट डाग राहू शकतात, ते कमी टोचण्यांनी टाळता येतं, म्हणून विचारा की कॅन्युला वापरणार का. कॅन्युला म्हणजे बोथट टोकाची लवचिक सुई, एकाच भोकातून आत फिरवता येते, काळंनिळंही कमी होतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. ज्यांनी दिल्यात त्यांनाच विचारायचं. दुखलं म्हणून घेतलेली आयबुप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई असलं मात्र आठवडाभर आधी थांबवता येतं, त्याने काळंनिळं होणं कमी होतं. दारू आदल्या दिवशी नको. दाताचं काम असेल तर दोन आठवडे अलीकडे किंवा पलीकडे. आणि घरात लग्न असेल तर चार आठवडे आधी करा, चार दिवस आधी नाही!

त्या दिवशी आणि नंतर

क्रीम लावून वीस-तीस मिनिटं बसवतात. ओठ तरीही दुखतात, डोळ्यांतून पाणी येतं, ते रडणं नसतं. कधीकधी सुई जाताना करकर असा आवाज जाणवतो, दचकू नका. अर्ध्यावर आरसा मागा, एक बाजू झाल्यावर तुलना करता येते. करायच्या आधीचा फोटो त्यांनी काढलाच पाहिजे, तुम्हीही काढा.

पहिले दोन दिवस सूज सगळ्यात जास्त, ओठांना तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर बघूच नये. एक बाजू जास्त सुजते, छोट्या गुठळ्या लागतात हाताला. दोन आठवडे कुठलाही निकाल लावू नका, खरा आकार तेव्हाच कळतो आणि टचअपही त्यानंतरच. फडक्यात गुंडाळून थंड शेक, डोकं थोडं उंच ठेवून झोप, दोन दिवस जिम, वाफ, दारू बंद, मेकअप दुसऱ्या दिवशी. दाबून दाबून बघायचं नाही, मसाज सांगितला असेल तरच करायचा.

आता हे मात्र नीट वाचा. टोचताना किंवा नंतर काही तासांत त्वचेचा एखादा पट्टा पांढराफटक पडला, किंवा जाळीसारखे जांभळट डाग उमटले, सुजेच्या मानाने दुखणं फार जास्त असलं, तर फिलरने रक्तवाहिनी अडवली असू शकते. बोटाने दाबून सोडा, रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा, दुसऱ्या बाजूशी ताडून बघा, उशीर लागत असेल तर लगेच फोन, सकाळची वाट नाही. बधिर केलेलं असलं तर दुखणार नाही हेही लक्षात ठेवा, म्हणून रंगाकडे बघायचं. तेव्हा बर्फ लावू नका, त्याने वाहिन्या आणखी आकसतात. दिसायला कमी आलं, डबल दिसलं, डोळ्यात अचानक दुखलं तर क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि पहिल्या वाक्यात सांगा की फिलर घेतलाय, किती वाजता आणि कुठे.

आणि काही गोष्टी उशिरा येतात, महिन्यांनीसुद्धा. जोराचा ताप, दाताचं इन्फेक्शन, क्वचित एखादी लस झाल्यावर फिलरच्या जागी सूज येते, बहुतेकदा ती आपोआप किंवा औषधाने उतरते. लाल, गरम, दुखरी गाठ झाली तर ती दाबायची नाही, दाखवायची.

मी ते स्टिकर एका वहीत चिकटवते, खाली तारीख, जागा, किती मिली आणि कुणी केलं. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, किंवा चेहऱ्याचं कुठलं स्कॅन निघालं आणि त्यात काहीतरी पांढरं दिसलं, तर ही वही पुढे करा.